भोगीची भाजी आणि जपानी मटारभात

जपानी स्वयंपाकात ‘शुन’ असा एक शब्द आहे. ज्या जिन्नसाला ज्या दिवसांत खरी चव येते, तो त्याचा ‘शुन’. वसंतात बांबूचे कोंब, उन्हाळ्यात वांगी, थंडीत मुळा. ‘मिसो’चे सार बाराही महिने तेच, बदलते ती आत पडणारी भाजी.

मिरजेच्या भगिनींना हे नवे नाही. शब्द नसेल, पण भोगी आहे! कृष्णाकाठची वांगी, पावटा, गाजर, बोरे आणि सोलाणे एका पातेल्यात येतात ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी. कारण तेव्हाच ती रानात असतात. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी.

पण हल्ली गोठवलेला मटार बारमाही मिळतो आणि सोलाणे सोलायला वेळ नसतो. मग भोगीच्या भाजीत मटार पडतो आणि ती रोजच्यासारखीच लागते. याबद्दल नोकरी करणाऱ्या सुनेला बोल लावणे मला पटत नाही. (सोलायला घरातली पुरुषमंडळी आहेतच की!)

भाजीचा व्याप झेपत नसेल, तर जपानी मटारभाताची युक्ती घ्या. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. वाटीभर सोलाणे मिठाच्या पाण्यात शिजवून काढून ठेवा आणि त्याच पाण्यात भात शिजवा. चव त्या पाण्यातच असते. भात उतरवल्यावर सोलाणे मिसळून झाकण ठेवा. फोडणी नको, मसाला नको. तिकडे भातात समुद्रशेवाळाचा तुकडा घालतात. आपण वरून साजूक तूप घ्यावे. डहाळे बाजारात दिसेनासे झाले, की हा भात पुढच्या पौषापर्यंत बंद.