एकच द्रव्य, दोन रूपे

‘रस’ आणि ‘सर’ या दोन शब्दांत अक्षरे तीच. क्रम तेवढा बदलला की अर्थ पालटतो. सृष्टीतही असा प्रकार आढळतो. द्राक्षशर्करा म्हणजे ग्लुकोज आणि फलशर्करा म्हणजे फ्रुक्टोज, या दोहोंच्याही एकेका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. मांडणी मात्र निराळी. अशा द्रव्यांस समघटक म्हणतात. विलेपार्ल्याहून लोकलने जाताना २०१६ सालापर्यंत ज्या ग्लुकोज बिस्किटांचा खरपूस वास येत असे, त्यांच्या पाकातही या दोन्ही शर्करा असतात.

भात खा, पोळी खा की बिस्किट खा, त्यातील पिठूळ अंशाचे शेवटी बहुतांशी ग्लुकोजच होते. त्यापासून शक्ती काढण्याच्या कामी, दुसऱ्याच पायरीवर, फॉस्फेट जोडलेल्या ग्लुकोजला फ्रुक्टोजचे रूप द्यावे लागते. हे काम ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेज नावाचे विकर करते. ते रेणूत काही घालीत नाही की त्यातून काही काढीत नाही. केवळ मांडणी बदलते.

हे विकर जन्मतःच दुबळे असेल तर पहिला घाव तांबड्या रक्तपेशींवर बसतो, कारण शक्ती मिळविण्याचा दुसरा मार्ग त्यांना नाही. त्या अकाली फुटतात. मूल फिकट दिसते, डोळे पिवळे होतात. ही कावीळ यकृताच्या बिघाडाची नव्हे, म्हणून गळ्यात माळ घालून ती उतरण्याची वाट पाहणे व्यर्थ होय.

हा रोग अत्यंत विरळा खरा, परंतु आपल्यापासून दूर नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहेमॅटॉलॉजी या संस्थेच्या संशोधकांनी २०१२ साली अशा एका भारतीय रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. या विकराची साखळी ५५८ दुव्यांची. त्या रुग्णात ४८७ वा एकच दुवा, ल्युसीनच्या जागी फेनिलअलॅनीन, असा बदलला होता.

हा दोष मुलात प्रकट होण्यास तो माता आणि पिता या दोघांकडूनही यावा लागतो. दोघेही स्वतः धडधाकट असतात. तरीही प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका संभव राहतो. मामेबहिणीशी विवाहाची चाल असलेल्या घराण्यांत तो योग अधिक जुळतो. असे असता ‘सुनेच्या माहेरचे रक्तच असले’ असे म्हणून वडीलधारी मंडळी मोकळी होतात, हा अन्याय तर खराच, शिवाय निव्वळ अज्ञानही आहे.

तेव्हा ज्या घरी मूल वारंवार फिकट व पिवळे पडते, तेथे रक्तरोगतज्ज्ञाकडून विकरांची तपासणी करवून घ्यावी. नेहमी आढळणारी कारणे आधी पाहिली जातील, ते योग्यच. निदान झाल्यास फॉलिक अ‍ॅसिड, प्रसंगी रक्त, आणि काही रुग्णांत पाणथरी काढणे, असे उपाय आहेत. दोष नेमका कळला असेल, तर पुढच्या गर्भाची परीक्षाही वेळीच करता येते.