माझा २०३५ वाला पोपट

सातवीत असताना मला वक्तृत्व स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं होतं. विषय होता 'ग्लोबल वॉर्मिंग : शाप की आव्हान?' (तेव्हा शाळेतला प्रत्येक विषय शाप तरी असायचा, नाहीतर वरदान तरी.) भाषणाचा शेवट मी असा काही ठोकला, की पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "२०३५ साली हिमालयातले सगळे हिमनग वितळलेले असतील आणि गंगामाई कोरडी पडलेली असेल!" टाळ्याच टाळ्या. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा.

ही गोष्ट २००९ च्या डिसेंबरमधली. महिनाभरातच, जानेवारी २०१० मध्ये पेपरात बातमी आली, की २०३५ हा आकडाच चुकीचा आहे आणि ज्यांनी तो छापला त्यांनीच तसं कबूल केलंय. मामा नेमका आमच्याकडे आलेला. त्याने पेपरची घडी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "काय गं भाषणवाली, डबा परत करायचा ना?"

माझा असा सॉल्लिड पोपट आजवर कुणीच केलेला नाही.

तेव्हापासून '२०३५' हा आमच्या घरातला कोडवर्ड झाला. प्लंबर कधी येणार? २०३५. माझं लग्न? २०३५. आणि कुणी क्लायमेट चेंजचा विषय काढला, की मामाचं ठरलेलं वाक्य : "शास्त्रज्ञांनीच कबूल केलंय, सगळं थोतांड आहे." तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही असा एक नमुना असेलच. चहा घेता घेता दोन मिनिटांत अख्खं विज्ञान निकालात काढणारा.

मी मात्र गप्प बसायचे. एकदा तोंडघशी पडलं की माणूस विषयच टाळतो.

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. आवाज वेगळाच. "अगं, चारधामचं बुकिंग करायचंय. मामीच्या फार मनात आहे. पण गंगोत्रीच्या वाटेवरचं ते धराली गाव, २०२५ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर बघितलंस ना? आपल्याकडचेही लोक अडकले होते तिथे. तू पत्रकार आहेस. मला नीट सांग, तिथे नक्की काय चाललंय? जाऊ की नको?"

टोमणा नाही, कोडवर्ड नाही. माणूस सरळ विचारत होता. आणि सोळा वर्षं वाट बघितलेल्या त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसले.

सुरुवात अर्थातच माझ्या डब्यापासून केली. संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, म्हणजे आयपीसीसी, हिने २००७ साली आपला चौथा अहवाल आणला. त्याच वर्षी तिला अल गोर यांच्याबरोबर शांततेचं नोबेल मिळालं. त्या अहवालाच्या जवळपास हजार पानांच्या एका खंडात, आशियावरच्या प्रकरणात एक परिच्छेद होता : हिमालयातल्या हिमनद्या याच वेगाने आटत राहिल्या, तर २०३५ पर्यंत त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे.

हा आकडा आला कुठून? तर २००५ च्या वर्ल्ड वाइड फंडच्या एका अहवालातून. त्यांनी तो उचलला १९९९ मधल्या 'न्यू सायंटिस्ट' मासिकातल्या बातमीवरून. आणि बातमी होती एका हिमनदीतज्ज्ञाच्या बोलण्यावर. मूळ शोधनिबंध कुठेच नाही. त्याहून कहर म्हणजे १९९६ च्या एका रशियन अभ्यासात २३५० असं साल होतं. अंकांची अदलाबदल झाली असावी, अशी शंकाही तेव्हा घेतली गेली. म्हणजे आपण ऑफिसात जे करतो तेच. जुन्या प्रेझेंटेशनमधला आकडा नव्यात चिकटवायचा, आणि पहिल्यांदा तो कुणी टाकला हे कुणीच विचारायचं नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत आयुष्य घालवलेले व्ही. के. रैना यांचा एक अहवाल पर्यावरण मंत्रालयाने काढला. हिमनद्या मागे सरकताहेत, पण त्यात जगावेगळं काही दिसत नाही, असा त्याचा सूर होता. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला 'वूडू सायन्स' म्हटलं, म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान. दोनच महिन्यांनी, २० जानेवारी २०१० ला, त्यांच्याच समितीला २०३५ च्या परिच्छेदाबद्दल जाहीर खेद व्यक्त करावा लागला.

मामा इथेच थांबला होता. खरं तर मीसुद्धा.

पण एक मिनिट. ही चूक पकडली कुणी? हिमनद्यांचाच अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी. कॅनडाचे ग्रॅहॅम कॉगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आकडा कुठून कुठे गेला याचा माग काढून 'सायन्स' या नियतकालिकात छापला. आणि हे सगळे हिमनद्या वितळताहेत हे मानणारेच होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की मोठ्या हिमनद्यांचा बर्फ शेकडो मीटर जाड असतो, तो पंचवीस-तीस वर्षांत संपूच शकत नाही.

मग किती वितळतोय? यातली खरी मजेदार गोष्ट २०१९ ची. १९७० च्या दशकात अमेरिकेचे हेरगिरी करणारे उपग्रह वरून फोटो काढत होते. शोधायचे होते शत्रूचे तळ, पण फोटोत हिमालयही आला. हे फोटो नंतर खुले झाले. कोलंबिया विद्यापीठातल्या जोशुआ मॉरर आणि सहकाऱ्यांनी त्यावरून ६५० हिमनद्यांची तेव्हाची उंची काढली आणि नव्या मोजमापांशी ताडून पाहिली. १९७५ ते २००० या काळात या हिमनद्या वर्षाला सरासरी पाव मीटरच्या आसपास पातळ होत होत्या. २००० ते २०१६ मध्ये वेग जवळपास दुप्पट झाला, म्हणजे वर्षाला साधारण अर्धा मीटर.

'पातळ' हा शब्द महत्त्वाचा. बाथरूममधली साबणाची वडी आठवा. तिची लांबी बरेच दिवस तेवढीच दिसते, पण एक दिवस हातात चपटी पट्टी येते. हिमनदीचं तोंड किती मागे गेलं एवढंच बघितलं, तर गंगोत्रीसारखी तीसेक किलोमीटर लांब हिमनदी वर्षाला वीसेक मीटर सरकली काय, फरकच कळत नाही. 'काही विशेष नाही' म्हणणारे लांबी बघत होते. नुकसान जाडीत होत होतं.

बरं, सगळीकडे सारखंच चित्र नाही. काराकोरममधल्या बऱ्याच हिमनद्या कित्येक वर्षं टिकून राहिल्या. आणि माझी गंगामाईही कोरडी पडत नाही, कारण गंगेचं बहुतेक पाणी पावसाचं आहे. सिंधूला बर्फाची गरज त्याहून कितीतरी जास्त. (शिवाय मी 'हिमनग' म्हणाले होते. हिमनग समुद्रात तरंगतात, डोंगरावर असते ती हिमनदी. म्हणजे परीक्षकांचंही लक्ष नव्हतं!)

पण काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने २०१९ मध्ये मांडलेला हिशोब असा : तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी या पट्ट्यातला निदान एक तृतीयांश बर्फ शतकअखेरपर्यंत जाईल. उत्सर्जन असंच चालू राहिलं तर दोन तृतीयांश.

आणि जाणारा बर्फ शहाण्यासारखा नदीत उतरतोच असं नाही. सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक हिमनदीच्या पायाशी तलाव साठत गेला आणि ती मागे सरकेल तसा वाढत गेला. तो धोक्याचा आहे हे अभ्यासकांना माहीत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्री काठाचा गोठलेला दगडमातीचा कडा त्यात कोसळला, तलाव फुटला आणि तिस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. धरालीच्या वेळी मात्र चॅनेलांनी तासाभरात 'ढगफुटी' लावून टाकलं, आणि हवामान खात्याच्या नोंदींत ढगफुटीएवढा पाऊसच नव्हता. घाईत चिकटवलेलं लेबल, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी मी मामाला फोन लावला.

"मामा, आकडा चुकीचा होता. तू बरोबर होतास."

पलीकडे शांतता. असं काही ऐकायची त्याला सवय नव्हती.

"पण ऑफिसात समजा बॉसने मेलमध्ये डेडलाइनची तारीख चुकीची टाकली. तू दुसऱ्या दिवशी सांगितलंस, साहेब, तारीख चुकली. तर काम रद्द होतं का?"

मामाने बत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत. तो म्हणाला, "नाही. सुधारित पत्रक येतं."

"तेच आलंय. तू पहिलं पत्रक बघून फाइल बंद केलीस."

तो हसला. मग मुद्द्यावर आला. "म्हणजे जाऊ नको म्हणतेस?"

"जा. पण मे महिन्यात जा, पावसाळ्यात अजिबात नको. केदारनाथचा प्रलय २०१३ च्या जूनमधलाच होता. नदीपात्राला चिकटलेल्या हॉटेलात उतरू नका, व्ह्यू कितीही भारी असला तरी. रस्ता बंद आहे म्हणाले तर ड्रायव्हरला आग्रह करू नका. आणि परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा."

त्याने सगळं लिहून घेतलं, पेनाचा आवाज येत होता. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आणि ते तुझं २०३५?"

"२०३५ ला मी अडतीस वर्षांची असेन, मामा. बर्फ असेल. आत्ताएवढा नसेल."

"हं," तो म्हणाला. "डबा ठेव तुझ्याकडेच."

मेच्या पहिल्या आठवड्याचं बुकिंग झालंय. मामीने प्रवासात चिवडा न्यायला तोच डबा मागून घेतलाय.