आधी डायल गेज लावा, मग गिअरबॉक्स बोला

"दादा, डीएसजी काढलाय. जुना पाच गिअरवाला टाकायचाय. फक्त एक प्लेट मारून द्या."

गेली काही वर्षं माझ्या शेडच्या दारात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की 'फक्त एक प्लेट' म्हटलं की माझं टाळकं सरकतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली अडॅप्टर प्लेट म्हणजे शटरला मारायची पट्टी नव्हे. सगळी गाडी त्या प्लेटच्या भरवशावर पळणार असते. आणि ती प्लेट तुम्ही कागदाचा छाप घेऊन, पेनाने भोकं आखून, हातातल्या ड्रिलने पाडून आणता. वर मला सांगता, "बसतेय की!"

बसणं आणि जुळणं यात फरक आहे. अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागतं, याची मला लाज वाटते. हे गाव मोजमापाचं आहे. 1950च्या दशकात इथे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली. आम्ही तिला एमपीएफ म्हणतो. शेजारी ऑर्डनन्स फॅक्टरी. माझे वडील फिटर. घरात पाहुणे आले तरी त्यांच्या खिशात मायक्रोमीटर असायचा. त्या पिढीच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी चिखलोलीत लेथ टाकले, टूलरूम उभ्या केल्या. दोन मायक्रॉनसाठी जॉब परत पाठवणारी माणसं या गल्ल्यांत आजही आहेत. आणि त्यांच्याच पोरांच्या गाड्या अंदाजपंचे चालल्यात.

जुना मॅन्युअल गिअरबॉक्स ड्रॅगच्या, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीच्या, नव्या गाडीत टाकणं मूर्खपणा आहे, असं मी म्हणत नाही. त्यामागे कारण आहे. पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आपल्याकडे आली तेव्हा इंजिनचा टॉर्क होता 175 न्यूटन मीटर. तिचा सात गिअरचा, दोन कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे डीक्यू200, झेपवतो 250. तुम्ही मॅप बदलता, टर्बो मोठा करता, आकडा अडीचशेच्या पार नेता. मग क्लच घसरतो आणि तुम्ही गिअरबॉक्सला शिव्या घालता. जेवढं वजन उचलीन म्हणून त्याने सांगितलं होतं तेवढं तो उचलत होता.

जुन्या डब्यात गिअरच्या जोड्या कमी. त्यामुळे तेवढ्याच जागेत प्रत्येक दात रुंद करता येतो, आणि रुंद दात जास्त मार खातो. अमेरिकेत ड्रॅगवाले आजही नव्या गाड्यांत चार गिअरचे जुन्या घडणीचे डबे टाकतात ते यासाठी. फोर्डचा टॉपलोडर 1964 सालचा. जनरल मोटर्सच्या मन्सी एम22 मध्ये दातांचा तिरकेपणा मुद्दाम कमी ठेवलेला. दात कमी तिरका, म्हणजे शाफ्टला लांबीच्या दिशेने ढकलणारा जोर कमी, म्हणजे बेअरिंगवर आणि केसिंगवर ताण कमी. त्याबदल्यात तो डबा ओरडतो, म्हणून त्याचं नाव पडलं 'रॉक क्रशर'. आवाज देऊन मजबुती घेतली, हा समजून केलेला व्यवहार आहे. त्याला माझा सलाम.

पण तुमच्याकडे काय असतं? कुर्ल्याच्या भंगारातून उचललेला डबा. किती लाख किलोमीटर चाललेला, कुणाला ठाऊक नाही. उघडून बघितलेला नाही. सिंक्रो रिंग झिजलेल्या, इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला खाच पडलेली. "जुनं ते लोखंड" एवढ्या एका श्रद्धेवर त्यात तीनशे न्यूटन मीटर ओतायला निघता. गणित करा. 300, गुणिले पहिल्या गिअरचे साडेतीन, गुणिले फायनलचे चार. अ‍ॅक्सलवर 4,200 न्यूटन मीटर. आणि क्लचवरून पाय झटक्यात काढला की हा जोर हळूहळू येत नाही, घणासारखा बसतो. डीएसजीत निदान कॉम्प्युटर टॉर्क आवरून धरतो. जुन्या डब्याला आवरणारं कोणी नसतं, तुमच्या डाव्या पायाशिवाय.

आता मोजमापाचं सांगतो. क्रँकचं सेंटर आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सेंटर एका रेषेत हवं. त्यासाठी गिअरबॉक्स बाजूला ठेवून फक्त बेल हाउसिंग प्लेटसकट इंजिनला कसायचं. डायल गेजचा मॅग्नेट फ्लायव्हीलला चिकटवायचा, काटा बेल हाउसिंगच्या बोअरला टेकवायचा आणि क्रँक हाताने सावकाश एक फेरा फिरवायचा. काटा जेवढा हलेल त्याच्या निम्मं सेंटर सरकलेलं. पूर्ण फेऱ्यात पाच थाऊ, म्हणजे 0.127 मिलिमीटर, याच्या आत काटा राहिला पाहिजे. नाही राहिला तर ऑफसेट डॉवेल टाकून सरकवायचं आणि पुन्हा मोजायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. फार तर एका दिवसाचं.

गेल्या महिन्यात एका पोराची गाडी आली. क्लच दाबला की खरखर, तिसऱ्यातून गिअर बाहेर उडतो. मी डबा उतरवला, गेज लावला. काटा नव्वद शतांशावर गेला. जवळजवळ एक मिलिमीटर! प्लेटमध्ये डॉवेल नव्हतेच, सगळं बोल्टांवर लटकलेलं. बोल्टाचं काम आवळायचं, जागा धरायचं काम डॉवेलचं. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात. क्लच प्लेटच्या हबचे दात एका बाजूने करवतीसारखे धारदार झालेले. अशा अवस्थेत तो पोरगा ती गाडी सात हजार आरपीएमला नेत होता.

सात हजारला काय होतं ते ऐका. 240 मिलिमीटर व्यासाच्या क्लचचा काठ त्या वेळी ताशी 300 किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असतो. तो फुटला की त्याचे तुकडे अ‍ॅल्युमिनियमची बेल हाउसिंग कागदासारखी फाडतात. 8 मार्च 1970 रोजी अमेरिकेतल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स स्टार्टलाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्या काळातला ड्रॅगमधला सगळ्यात मोठा माणूस तो. त्याने हॉस्पिटलमधून उठून गाडीची रचनाच बदलली, इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेलं. तिथल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या, एनएचआरएच्या, नियमात आज पाव मैल 11.49 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या क्लचच्या गाडीला प्रमाणित फ्लायव्हील शील्ड सक्तीची आहे. माझ्याकडे आलेल्या एकाही गाडीला शील्ड नव्हती. सीट मात्र रेसिंगची होती.

मी हे पुस्तकातून बोलत नाहीये. काही वर्षांपूर्वी हायवेच्या कडेच्या एका गॅरेजात मी पार्ट द्यायला गेलो होतो. नाव सांगत नाही. बॉनेट उघडं, एकजण आत बसून इंजिन रेज करत होता आणि हेल्पर पोरगा समोर वाकून बघत होता. क्लच ज्या पातळीत फिरतो त्याच पातळीत, बरोबर समोर. आवाज झाला तो फटाक्यासारखा नव्हता. पत्र्यावर घण पडावा तसा एकच. पोराच्या मनगटातून हाड दिसत होतं. रिक्षात घालून नेलं त्याला. त्याचा अंगठा आजही वळत नाही. त्या गाडीची प्लेटही 'फक्त एक प्लेट'च होती.

दुसरी चलाखी वायरिंगची. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर काढला की इंजिनचा कॉम्प्युटर त्याला शोधत राहतो, गाडी स्टार्ट होत नाही. सरळ मार्ग म्हणजे कोडिंग मॅन्युअलचं करणं आणि क्लच पेडलला स्विच बसवणं. आपले मिस्त्री काय करतात? एक वायर जोडून कॉम्प्युटरला कायम सांगतात की गाडी पार्कमध्ये आहे. मग गिअरमध्ये असताना चावी फिरवली तरी गाडी स्टार्ट होते आणि समोर जो असेल त्याच्यावर जाते. असं काम करणाऱ्याने स्वतःला मिस्त्री म्हणवू नये.

कायद्याचंही बोलून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही, कलम 189 रस्त्यावर शर्यत लावू देत नाही. काटई रोडला मध्यरात्री जे चालतं त्याला माझ्याकडे माफी नाही. पण पोरांना जायला जागा नाही, हेही तितकंच खरं. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत भरली, तिथे रांगा लागल्या. बैलगाडा शर्यतीला 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने नियमांसह मान्यता कायम ठेवली. मग 402 मीटरचा एक सरळ पट्टा, तपासणीसह, या भागाला का मिळू नये? तपासनीस दारात उभा असला तर अशा निम्म्या गाड्या गेटवरूनच परत जातील, आणि ते पोरांच्या भल्याचंच होईल.

जवळजवळ अर्धा मिलिमीटर सेंटर चुकलेला तो पोरगा परवा आला. म्हणाला, "दादा, शनिवारी गाडी पाहिजे. तीच प्लेट परत लावा, नवी नंतर बघू." मी नाही म्हटलं. स्टीलची शील्ड येईपर्यंत गाडी उतरणार नाही, हेही सांगितलं. चिडून गेला. त्याची जुनी प्लेट मी मधोमध कापून ठेवली आहे.