विश्लेषण : अमेरिकेची ‘पेनी’ बंद झाली, पण तांब्याच्या जुन्या नाण्याची किंमत फोटोवरून ठरते का?

अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची एक सेंटची नाणी पाडण्यात आली. ‘पेनी’ म्हणून ओळखले जाणारे हे नाणे १७९३ पासून बनत होते. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंटचे नाणे बनवायला ३.६९ सेंट खर्च येत होता. हा तोट्याचा व्यवहार सरकारने थांबवला.

अशी बातमी आली की पाठोपाठ ‘तुमच्याकडची जुनी पेनी लाखोंची’ असे सांगणाऱ्या पोस्टही येतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली दोन-चार नाणी अनेकांच्या डब्यात असतात. ती खरोखर मौल्यवान असतात का? आणि फोटो पाहून ते कळते का?

कोणती पेनी मौल्यवान?

डब्यातली पेनी बहुधा एक सेंटचीच आहे. सुमारे ३०० अब्ज पेनी अजून अस्तित्वात असल्याचा अंदाज आहे आणि त्या आजही कायदेशीर चलन आहेत. शिवाय १९८२ पासूनची पेनी जस्ताची असते, तिच्यावर तांब्याचा फक्त पातळ मुलामा असतो.

संग्राहक ज्यांच्या मागे असतात ती नाणी १७९३ ते १८५७ या काळातली आहेत. त्यांना ‘लार्ज सेंट’ म्हणतात. १८१५ चा अपवाद वगळता त्यांवर दरवर्षीची तारीख आढळते. ही नाणी शुद्ध तांब्याची आणि साधारण २८ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठी होती. १७९३ च्या पहिल्या नाण्यावर मागच्या बाजूला साखळी होती. साखळी हे राज्यांच्या एकजुटीचे प्रतीक होते, पण लोकांना त्यात गुलामगिरी दिसली आणि चित्र लगेच बदलले गेले. अशी ३६,१०३ नाणीच पाडली गेली होती. त्यातले एक जानेवारी २०१५ मध्ये २३.५ लाख डॉलरला विकले गेले. मात्र त्याच साच्यातले झिजलेले, खड्डे पडलेले नाणे त्या किमतीच्या आसपासही जात नाही. हा फरक पडतो तो नाण्याच्या श्रेणीमुळे.

श्रेणी म्हणजे काय?

विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये याच नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. जेमतेम ओळखू येणारे नाणे १ आणि निर्दोष नाणे ७०. त्यामागे किमतीचा हिशेब होता : ७० चे नाणे १ च्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचे. हा हिशेब लवकरच कोलमडला, पण आकडे टिकले. पुढे ते सर्वच नाण्यांना लागू झाले आणि १९८० च्या दशकात नाणी तपासून प्लॅस्टिकच्या डबीत बंद करणाऱ्या कंपन्यांनी ते जगभर नेले. भारतातल्या लिलावांतही आता असे आकडे दिसतात.

आकडा ठरवताना आधी झीज पाहतात. लार्ज सेंटवर स्वातंत्र्यदेवतेचे केस आणि मागच्या बाजूची पाने हे उंच भाग आधी झिजतात. पण इथे एक अडचण आहे. सुरुवातीच्या टांकसाळीत ठसे हाताने कोरलेले असत आणि तांब्याच्या चकत्या एकसारख्या नसत. त्यामुळे केस पुसट दिसले तरी ते झिजलेत की मुळातच नीट उमटले नव्हते, हे त्या ठशाची इतर नाणी पाहिल्याशिवाय कळत नाही.

तांबे वेगळे का?

सोने हजार वर्षे तसेच राहते, तांबे तसे राहत नाही. हवा, ओलावा, गंधक, बोटांचा घाम या सगळ्यांशी त्याची अभिक्रिया होते. नवे नाणे लालसर असते आणि काळाच्या ओघात तपकिरी होते. म्हणून कंपन्या तांब्याच्या नव्या कोऱ्या नाण्यांसाठी आकड्यासोबत लाल, लाल-तपकिरी किंवा तपकिरी असा रंगही लिहितात. साठवण ओलसर असेल तर हिरवट थर चढतो आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात.

आपल्या घरात तांब्याचा तांब्या चिंच-मिठाने घासून लख्ख करतात. नाण्याला हे केले की त्याची किंमत गेली. आम्लाने वरचा थर निघून खाली अनैसर्गिक गुलाबी-नारिंगी तांबे उघडे पडते. जाणकाराला ते लगेच ओळखू येते. शिवराई जपणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

म्हणूनच ‘अर्ली अमेरिकन कॉपर्स’ ही १९६७ मध्ये स्थापन झालेली संग्राहकांची संघटना दोन पायऱ्यांत श्रेणी ठरवते. आधी तपशील किती शिल्लक आहे ते पाहायचे, मग खड्डे, ओरखडे, धुलाई यांसाठी वजावट करायची. तपशिलावर ३० मिळवणारे नाणे खडबडीत पृष्ठभागामुळे १५ वर येऊ शकते. कंपनीचा आकडा अनेकदा यापेक्षा उदार असतो. म्हणजे एकाच नाण्याच्या दोन श्रेणी असू शकतात आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात. श्रेणी हे शेवटी जाणकाराचे मत आहे.

फोटो कुठे फसवतो?

तांबे गडद असते आणि चमकतेही, त्यामुळे त्याचा फोटो काढणे कठीण. मोबाइल आपोआप रंग खुलवतो आणि तपकिरी नाणे लालसर दिसू लागते. प्रकाश समोरून सपाट पडला तर खड्डे नाहीसे होतात. एकाच बाजूने, खालून तिरपा पडला तर साधा ओरखडाही दरीसारखा दिसतो. प्रतिमा धूसर असेल तर झीज आणि धुलाई दोन्ही लपतात.

चांगल्या फोटोसाठी कॅमेरा नाण्याच्या बरोबर वर, स्थिर धरतात. घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी दोन दिवे ठेवून त्यांचा प्रकाश पातळ पांढऱ्या कागदातून मऊ करतात. रंग खरा यावा म्हणून आधी पांढऱ्या कागदावर कॅमेऱ्याचा रंगसमतोल साधून घेतात. दोन्ही बाजू, कड आणि नाणे हलवताना काढलेला छोटा व्हिडिओ असेल तर चमक अस्सल आहे की पॉलिशची, याचा अंदाज येतो.

फोटोनेच चोर पकडला

या कहाणीला एक विचित्र वळण आहे. मोजपट्टी देणाऱ्या शेल्डननेच अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील शंभराहून अधिक उत्तम सेंट काढून घेतले आणि त्यांच्या जागी त्याच प्रकारची कमी दर्जाची नाणी ठेवली. १९७७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर जुनी छायाचित्रे व नोंदी ताडून पाहिल्यावर अदलाबदल सिद्ध झाली. हाताने पाडलेल्या तांब्याच्या नाण्यावरचे ओरखडे आणि डाग बोटांच्या ठशासारखे असतात. दुसऱ्या नाण्यावर ते तसेच सापडत नाहीत.

अलीकडे हेच तंत्र बनावट नाण्यांविरुद्ध वापरले जाते. एका खऱ्या नाण्यावरून ठसा बनवला की त्या नाण्याचा ओरखडाही प्रत्येक नकलेवर उतरतो. वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या फोटोंत एकाच जागी तोच ओरखडा दिसल्याने संग्राहकांनी अशा नकला उघड केल्या. त्यातल्या काही तर कंपन्यांच्या तपासणीतूनही सुटल्या होत्या.

मग आपण काय करावे?

नाणे घासू नका, कडेने धरा, कोरडे ठेवा. विकत घेत असाल तर डबीवरचा आकडा वाचण्याआधी नाणे पाहा. विक्रेत्याकडे वेगळ्या प्रकाशातला फोटो मागा आणि जुन्या लिलावांच्या छायाचित्रांशी ताडून पाहा. दुसरा फोटो द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

आणि ‘तुमचे नाणे लाखोंना घेतो, आधी शुल्क भरा’ असा संदेश आला तर पैसे भरू नका. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क वा कर मागितला जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. असे व्यवहार बँक करत नाही आणि त्यासाठी पैसेही मागत नाही, हे तिने तेव्हाच स्पष्ट केले होते.