गर्भपातानंतर गर्भनिरोधन : सल्ला हवा, सक्ती नको

गर्भपात झाला की पुढचे काही महिने दिवस राहत नाहीत, हा समज अनेक घरांत आजही पक्का आहे. प्रत्यक्षात गर्भपातानंतर आठ ते दहा दिवसांतही स्त्रीबीज बाहेर पडू शकते. म्हणजे पुढची पाळी येण्याआधीच पुन्हा गर्भ राहू शकतो. त्यामुळे गर्भनिरोधनाचा सल्ला हा गर्भपात सेवेचाच भाग आहे. प्रश्न आहे तो कधी आणि कसा दिला जातो याचा.

सल्ला कधी?
गोळ्यांच्या गर्भपातात औषधे पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी घेतात, तपासणी साधारण पंधराव्या दिवशी होते. तोपर्यंत थांबले तर उशीर झालेला असू शकतो. काहीजणी तपासणीला येतही नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत बोलायला हवे.

पर्याय कोणते?
शस्त्रक्रियेने गर्भपात झाला आणि जंतुसंसर्ग नसेल, तर तांबी त्याच वेळी बसवता येते. गोळ्यांनी झाला असेल, तर तो पूर्ण झाल्याची खात्री करून बसवतात. गर्भनिरोधक गोळ्या, दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन, हार्मोन नसलेली ‘छाया’ गोळी हे पर्याय सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात मोफत आहेत. लैंगिक आजारांपासूनही संरक्षण देतो तो मात्र निरोध.

अट घालता येते का?
नाही. ‘तांबी बसवणार असाल तरच गर्भपात करू’ असे म्हणणे आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांच्या विरोधात आहे. १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या तरतुदीत ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ऐवजी ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे शब्द आले. त्यामुळे लग्न झालेले नाही म्हणून सल्ला टाळण्यालाही आधार उरत नाही.

भार कोणावर?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. स्त्रीची इच्छा असेल तर सल्ल्याच्या वेळी जोडीदारालाही बसवायला हवे, ते यासाठी.

वेदनेत, घाईत, टेबलावर असताना मिळवलेला होकार हा होकार नव्हे. पर्याय नीट समजल्यावर तिने ‘आत्ता नको’ म्हटले, तरी सल्ला वाया गेलेला नसतो. उद्या ती आपणहून विचारायला येईल, एवढा विश्वास त्या दवाखान्याने कमावलेला असतो.