टाकीचं झाकण आधी उघडा

गेल्या ऑक्टोबरात गोडी छाटणीनंतर पंधरवड्यातच पाऊस झाला. डाउनी रोगाच्या धास्तीनं पहाटेच सहाशे लिटरचा फवारणीचा ब्लोअर भरून मी वैरागजवळच्या आमच्या द्राक्षबागेत शिरलो. दोन ओळी झाल्या आणि छोट्या ट्रॅक्टरनं मान टाकली. मोकळा उभा असला की इंजिन छान वाजायचं, ब्लोअर जोडला की दम तुटायचा. ब्लोअर फिरवणाऱ्या पीटीओचे मिनिटाला 540 फेरे टिकले नाहीत, तर फवारा पानाखाली पोचत नाही, आणि डाउनी तर पानाखालीच असते.

गॅरेजवाल्यानं नुसतं ऐकून सांगितलं, "पंप गेलाय, मालक." इंजिनाच्या डिझेल पंपाचं आणि नोझलचं काम झालं. साडेअठरा हजार रुपये आणि ऐन फवारणीतले चार दिवस गेले. बागेत आणला, तर तिसऱ्या ओळीला पुन्हा तेच.

बांधावर चुलते बसले होते. वीज येण्याआधी विहिरीवरचं डिझेल इंजिन सांभाळलेला माणूस. "धूर काळा सोडतंय का रं?"

"न्हाय आण्णा, धूरच दिसंना."

"मग डिझेल पोचंना त्याला. टाकीचं झाकण काढ."

काढलं, तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणाचं बारीक भोक गंधकाच्या भुकटीनं आणि मातीनं लिंपून गेलं होतं. टाकीत हवा शिरेना, म्हणून डिझेल खाली येईना. मोकळ्या इंजिनाला घोटभर डिझेल पुरतं, ओझं पडलं की भरपूर लागतं. म्हणून ते ओळीतच उपाशी पडायचं. काडीनं भोक मोकळं केलं. खर्च शून्य.

आण्णांची रीत सोपी आहे: फुकटातलं आधी, महागातलं शेवटी. धूर काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. आधी एअर क्लीनर बघायचा. निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय. धूर नाही आणि ताकदही नाही, तर झाकण, डिझेल फिल्टर, नळी या क्रमानं जायचं. इंजिनाचा आवाज चढतोय पण चाक रेटत नाही, तर क्लच घसरतोय. ड्रम हाताला चटका देतोय, तर ब्रेक धरून बसलाय. एवढं तपासूनही दोष सापडला नाही, तरच पंपाला हात लावायचा.

मग गॅरेजवाला लबाड का? मला तसं वाटत नाही. हंगामात त्याच्या दारात ट्रॅक्टरांची रांग असते. आपण त्याला नव्या पार्टचे पैसे कुरकुर न करता देतो, पण त्यानं अर्धा तास बघून झाकणाचं भोक साफ केलं असतं, तर "काडी घातल्याचे कसले पैसे?" असं मीच म्हटलं असतं. शोधण्याला आपण मजुरी देत नाही, म्हणून कुणी शोधत नाही. बदलण्याला देतो, म्हणून सगळं बदललं जातं.

बघण्याची किंमत आपल्या भागाला माहीत नाही, असंही नाही. सोलापूर रस्त्यावरच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉमसनच्या वेलीवरचे लांबट मणी हेरले आणि त्यातून सोनाका हा वाण दिला. मण्याची लांबी ओळखणाऱ्या शेतकऱ्याला धुराचा रंग ओळखता येणार नाही? ट्रॅक्टर ताब्यात देताना विक्रेत्यांनी मालकाकडूनच एकदा फिल्टर बदलून घ्यावा. छाटणीच्या चर्चासत्रात औषधांच्या जोडीला एक तास इंजिनाला द्यावा.

यंदा छाटणीआधी त्याच गॅरेजात गेलो. ट्रॅक्टर पुन्हा थोडा कुथत होता. आधीच सांगितलं, "शोधायचे तीनशे वेगळे देतो. काही बदललं नाहीस, तरी देतो."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "धूर कसला सोडतोय, मालक?"