फोटोतली माशी आणि नावाची घाई

मोबाईलवर काढलेला माशीचा फोटो. फक्त पाठ दिसतेय, पाय अर्धे पानाखाली. त्यावरून दोन मिनिटांत प्रजातीचं अख्खं लॅटिन नाव सांगणारा माणूस हुशार की थापाड्या? माझ्या मते थापाड्या. आणि न बघता त्याला "सहमत" म्हणून टिचकी मारणारा त्याहून मोठा!

मी बोलतोय टॅकिनिड माशांबद्दल. यांच्या अळ्या बहुतेकदा सुरवंटाच्या आत राहून त्यालाच खातात. नोंदलेल्या प्रजातीच साडेआठ हजारांच्या आसपास, आणि फोटोत बऱ्याचशा सारख्याच: करड्या, राठ केसांच्या, घरमाशीच्या थोराड बहिणी. बाजूने काढलेला स्वच्छ फोटो असेल तर पाठीच्या टोकाशी, ढालीसारख्या तुकड्याखाली एक फुगवटा दिसतो. त्यावरून कुळ कळतं. नशीब असेल तर गणही. प्रजातीसाठी मात्र अनेकदा एकेका केसाची जागा तपासावी लागते, नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. ते तुमच्या मेगापिक्सेलमध्ये नाहीये हो.

बरं, सूक्ष्मदर्शकही फसतो. कोस्टारिकाच्या ग्वानाकास्ते भागात सुरवंटांतून निघालेल्या बेल्व्होसिया गणातल्या माशा तज्ज्ञांनी 20 प्रजातींत बसवल्या होत्या. डीएनए तपासला तेव्हा (2006 चा शोधनिबंध) निघाल्या 32! ज्या तीन प्रजाती म्हणे कुठल्याही सुरवंटावर चालतात, त्या प्रत्यक्षात 15 होत्या, प्रत्येकीचे सुरवंट ठरलेले. माशी टाचणीला टोचून समोर असताना ही गत, मग फोटोचं काय घेऊन बसलात?

"एवढं काय बिघडतं?" कुठली माशी कोणाला खाते, यावर कीडनियंत्रण चालतं. 1906 मध्ये अमेरिकेने एका परक्या पतंगाला आवरायला कॉम्प्सिल्युरा नावाची टॅकिनिड आणली. ती दीडशेहून जास्त जातींवर चालते, आणि तिथल्या मोठ्या रेशीम पतंगांच्या ऱ्हासात तिचा हात असावा असं संशोधक म्हणतात. चुकीच्या नावाखाली जमलेली यजमानांची यादी म्हणूनच निरुपद्रवी नसते.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. आयनॅचरलिस्टवर दोघांचं एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड' होऊ शकते. नाव सुचवणारं मॉडेल शिकतं लोकांनी लेबल लावलेल्या फोटोंवर, आणि लोक लेबल लावतात मॉडेल सुचवेल ते. गार्बेज इन, गार्बेज आऊट, आणि परत इन. शिवाय जी प्रजाती त्याला शिकवलीच नाही, ती ते सुचवणार कुठून?

तिथेच "याहून पुढे ओळखता येणार नाही" असं नोंदवायची सोय आहे, आणि मग गणावर थांबलेली नोंदही रिसर्च ग्रेड होते. ती वापरा की! आणि माशी कुठल्या सुरवंटातून निघाली, तो कुठल्या झाडावर होता, हे पाहिलं असेल तर तेवढं नक्की लिहा. तज्ज्ञाला ते तुमच्या लॅटिनपेक्षा जास्त उपयोगी पडेल.